मक्याचे दहा दिवस

खरं सांगतो, हे लिहायचं राहूनच जाणार होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. ललितचं नाव खराब होईल असं वाटत होतं, आणि आमच्याकडे एकदा नाव पडलं की ते भडगावपासून पारोळ्यापर्यंत तुमच्या आधी पोचतं. पण मग वाटलं, लपवण्यातूनच तर एवढं सगळं झालं. तेव्हा सांगूनच टाकतो.

ललित आमच्याच गावचा, चोवीस वर्षांचा. गाव गिरणेच्या काठाला, घरची केळी. कॉलेज अर्धवट सोडलेलं. कुत्री शिकवण्याचं वेड त्याला मोबाइलवरून लागलं. कोणी गुरू नाही, कोर्स नाही. रात्रंदिवस व्हिडिओ बघायचा, सकाळी गावातल्या कुत्र्यांवर करून बघायचा. लोक त्याला कुत्र्यांचा मास्तर म्हणायचे, म्हणजे चिडवायचेच. पण चाळीसगावच्या दोन-तीन बंगल्यांतली मोठमोठी, भारीची कुत्री त्याने ताळ्यावर आणली आणि चिडवण्यातली धार जरा बोथट झाली.

मग त्याच्या डोक्यात आलं, विकतची कुत्री कोणीही शिकवेल. आपण गावरान पिल्लू घडवून दाखवू.

खळ्यात व्यालेल्या कुत्रीचं एक पिल्लू त्याने उचललं. वाळलेल्या मक्याच्या रंगाचं, म्हणून नाव मक्या. आमच्याकडे मळ्यातलं कुत्रं तिखट पाहिजे, असं सगळे मानतात. त्याला कोणाची ओळख होऊ द्यायची नाही, बांधून ठेवायचं, म्हणजे ते परक्यावर तुटून पडतं. ललितचं म्हणणं उलटं होतं. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे जे बघतं ते त्याला आपलं वाटतं. जे बघत नाही त्याची भीती बसते, आणि भ्यालेलं कुत्रंच चावतं. म्हणून दाखवायचं. सगळं दाखवायचं.

पण इथेच मेख होती. लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाला जमिनीवर, इतर कुत्र्यांत सोडायचं नाही. आजार लागतो. मग जग दाखवायचं कसं? ललितने युक्ती काढली. केळी भरायचं निळं प्लास्टिकचं कॅरेट घेतलं, तळाला पोतं टाकलं, मागे गाडीला आवळलं, आणि मक्याला त्यात बसवून दर शुक्रवारी गावच्या बाजारात न्यायला लागला. मक्या कॅरेटच्या कडेवर हनुवटी ठेवून बाजार बघायचा. भोंगे, बकऱ्या, छत्र्या, भांडणं, सगळं. पाय जमिनीला नाही.

ललितला स्वतःचं सामान-सुमान घ्यायचं असलं की तो गाडी बेबाबाईच्या दुकानाशी लावायचा. बेबाबाई म्हणजे बाजाराच्या तोंडाशी लसूण-मिरची विकणारी म्हातारी. "अक्का, जरा नजर ठेव," म्हणून जायचा, अर्ध्या तासाने यायचा. तिने नजर ठेवली. चांगलीच ठेवली. ते पुढे येईल.

रविवारी मळ्यात ओळख-परेड. हे नावही ललितचंच. पोलिस चोराला उभा करतात तसे तो ओळीने माणसं उभी करायचा. एक छत्रीवाला, एक काठी टेकणारा, एक डोक्यावर गवताचा भारा घेतलेला. मक्या एकेकाजवळ जायचा, हुंगायचा, शेपूट हलवली की हातावर भाकरीचा तुकडा. हेल्मेट आणि दाढी या जागेवर कायम रेहान.

रेहान हा ललितचा शाळेपासूनचा दोस्त. पारोळ्याला त्याचं पत्र्याचं काम. उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात धान्याच्या कोठ्या. त्याच्या घरी कुत्र्याची लाळ कपड्याला लागलेली चालत नाही, नमाज असते. म्हणून त्याचा एक जुना कुर्ता ललितच्या मळ्यात खिळ्यावर टांगलेला असायचा. आला की तो चढवायचा, जाताना हातपाय धुऊन आपला शर्ट घालायचा. त्याची अम्मी, अकबरी खाला, तिला यातलं काही माहीत नाही असं दोघांनाही वाटायचं.

त्या रविवारी मक्या अडीच महिन्यांचा झाला होता. दात शिवशिवत होते. रेहानने हेल्मेट काढून खाली ठेवलं आणि मक्याने त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी दात लावला. चावला असं नाही म्हणता येणार. खेळत होता. रक्ताचा एक थेंब आला, रेहानने तो पँटीला पुसला.

"काय भो, तुझा विद्यार्थी गुरुजींनाच खातो का?"

सगळे हसले. सहा-सात जण होते. ललित मोबाइलवर शूटिंग करत होता.

"टोचलंय ना रे याला?" रेहानने विचारलं.

"हो हो, टोचलंय," ललित म्हणाला.

टोचलं होतं. पण ते पिल्लांच्या जुलाबाच्या आजाराचं, दोन महिन्यांचं झाल्यावर देतात ते. कुत्रं पिसाळतं त्या रोगाचं इंजेक्शन तीन महिन्यांनंतर असतं, ते अजून बाकी होतं. हे ललितला चांगलं माहीत होतं. पण शूटिंग चालू होतं, लोक बघत होते, आणि मास्तरला नाही म्हणायचं जिवावर आलं. एवढंच.

बुधवारी सकाळी त्याचे आजोबा सुपडू आबा चहा पिऊन गावातून आले.

"आयकं का रे? बाजारमातली ती लाल कुत्री पिसाळनी व्हती. चुडामनले चावनी, त्या बोहारणीले चावनी. काल मारी टाकी लोकेसनी."

ललितला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मक्या तर बाजारात कधी जमिनीवर उतरलाच नव्हता. मग त्याला आठवलं की लाल कुत्रीची पिल्लं बेबाबाईच्या दुकानामागेच, गोणपाटावर असतात. चहा तसाच ठेवून त्याने गाडीला किक मारली.

बेबाबाई घराच्या ओट्यावर लसूण सोलत होती.

"अक्का, त्या लाल कुत्रीची पिल्लं कुठे आहेत?"

"दोन कोनी तरी ली गयात. काळं मरी गयं ना रे सोमवारले. लाळ गळे त्यानी. मी हातवर पानी दिधं, ते बी पे ना." तिने डोळ्याला पदर लावला. "तुना मक्याले आते करमाव नही."

"मक्याला? मक्याचा काय संबंध?"

"अरे, एकलं बठेल राहे ना ते डब्बामा. मना जीव तुटे. म्हनीसन मी काळाले त्याना सोबत बसाडी दे. दर शुक्कारे. काय खेळेत दोन्ही! चावेत एकमेकले. तू दिसना का मी उचली ले, तू रागवशी म्हनीसन."

ललित ओट्याच्या पायरीवर बसला. दर शुक्रवारी. म्हणजे चार शुक्रवार. पाय जमिनीला लागू नये म्हणून त्याने केवढं जपलं होतं, आणि बेबाबाईने जमीनच उचलून कॅरेटमध्ये ठेवली होती. तिच्यावर ओरडावं असंही त्याला वाटलं नाही. एकटं पिल्लू दिसलं तर आमच्या गावातली कुठलीही बाई हेच करेल. हे त्याला आधी सुचायला हवं होतं. तोच मास्तर होता ना.

त्याने तिथूनच भडगावच्या गुरांच्या डॉक्टर कामिनी मॅडमना फोन लावला. मॅडम वयाने फार मोठ्या नाहीत, पण बोलणं एकदम सरळ.

"पिल्लू आत्ता कसं आहे?"

"सकाळी खाल्लं. खेळलं. लाळ थोडी गळतेय, पण दात येताहेत त्याला, म्हणजे... माहीत नाही मॅडम."

"माहीत नाही हेच उत्तर बरोबर आहे. ऐका. वेगळं ठेवा, कोणी हात लावायचा नाही. मारायचं नाही, कुठे सोडायचं नाही. कोणाला चावलंय का?"

"दात लागलाय. मित्राला. रविवारी."



"चावल्या दिवसापासून दहा दिवस ते नजरेसमोर राहिलं पाहिजे. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर त्या दिवशी त्याच्या लाळेत रोग नव्हता, असं समजायचं. पण माणसाने दहा दिवस वाट बघायची नाही. आज इंजेक्शन. आजच. हा रोग अंगात दिसायला लागला की मग उपाय नसतो, कळतंय ना? आणि तुमचे हात बघा स्वतःचे."

ललितने हात बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत मक्याच्या दातांच्या बारीक बारीक रेघा. तो रोज त्या अभिमानाने मिरवायचा.

घरी आला तर आबा काठी घेऊन उभे. बातमी गाडीपेक्षा जोरात आली होती.

"गोनीमा भर आनि गिरनाना पल्ला सोडी ये. बठ्ठा गावले ताप कसाले?"

"आबा, सोडलं तर रेहानचं काय होईल ते कसं कळणार? ते जिवंत आणि समोर पाहिजे."

"रेहानना काय संबंध?"

ललितने सांगितलं. आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते पाण्याच्या मोटारीच्या खोलीतलं सामान बाहेर काढायला लागले. मक्याला तिथे जाळीमागे ठेवलं. पाण्याचं भांडं काठीने आत सरकवलं. मक्याने पाणी प्यायलं. ललित पाच मिनिटांनी परत गेला, पुन्हा भांडं हलवलं. पुन्हा प्यायलं. तिसऱ्यांदा मक्याने नुसतं बघितलं. पोट भरलं म्हणून प्यायलं नाही की पाण्याची भीती बसली म्हणून? आता प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ होते. झोपला तर दमलाय की लागण झालीय? जाळी चावतोय ते दातांमुळे की?

पारोळ्याला पोचला तेव्हा दुपार झाली होती. रेहान कोठीचं झाकण ठोकत होता. अकबरी खाला मागच्या खाटेवर डबा उघडून बसलेली.

"आओ बेटा, खाना खा," ती म्हणाली.

"नको खाला, भूक नाही."

"तू आणि भूक नाही?" रेहान हातोडी खाली ठेवत म्हणाला. "चेहरा बघ भो, परीक्षेला बसल्यासारखा झालाय."

ललितची नजर त्याच्या उजव्या हातावर. पत्र्याचं काम करणाऱ्याचा हात तो. इकडे चीर, तिकडे खपली, एक ओली, दोन सुकलेल्या. अंगठ्याच्या बुडाशीच तीन. कुठली मक्याची?

सांगायला तोंड उघडलं. समोर खाला. रेहान डोळ्यांनीच खुणावत होता, कुत्र्याचं नाव काढू नको. आणि "टोचलंय" हा शब्द मध्ये आडवा येत होता. रेबीज झाला असेल असं सांगायला तो घाबरत नव्हता, असं नाही. पण जास्त घाबरत होता ते दुसऱ्यालाच. रेहान विचारेल, मग तू हो का म्हणालास?

चहा प्यायला. पावसाचं बोलला. आणि निघाला. हो, निघाला. ही गोष्ट मला सांगताना तोही असंच दोनदा म्हणाला, निघालो.

गावाबाहेर पेट्रोल पंपाजवळ फोन वाजला. कामिनी मॅडम.

"मित्राला सांगितलं का? गेला का दवाखान्यात?"

"हो मॅडम, सांगितलं."

फोन बंद झाला. ललित गाडी बाजूला घेऊन तसाच उभा राहिला. किती सहज निघालं तोंडातून! रविवारी सात माणसं बघत होती म्हणून खोटं बोललो, असं तो स्वतःला समजावत आला होता. इथे तर कोणीच नव्हतं. रस्त्याला एक रिकामा ट्रॅक्टर, बस्स. त्याने मॅडमना परत फोन लावला. "मॅडम, नाही सांगितलं. आत्ता सांगतो." आणि गाडी वळवली.

या वेळी तो गाडीवरून उतरलाच नाही, तशीच चालू ठेवून बोलला, कारण थांबलो तर जीभ थांबेल असं त्याला वाटलं.

"रेहान, चल दवाखान्यात. मक्याला पिसाळण्याचं इंजेक्शन दिलेलं नाही. मी खोटं बोललो. तो ज्या पिल्लासोबत खेळला ते मेलंय, त्याची आई पिसाळलेली होती. तुला दात लागलाय. आजच सुई घ्यावी लागेल."

हातोडीचा आवाज बंद. रेहान त्याच्याकडे बघत राहिला. मग हाताकडे. मग अम्मीकडे.

खाला उठली. ललितला वाटलं आता ती त्याला हाकलून देणार. तिने रेहानचं मनगट धरलं आणि त्याला ओढत नळाशी नेलं.

"चार दिन! चार दिन से हाथ धोया नहीं साबुन से?"

"अम्मी, ते कुत्रं..."

"कुत्रं कुत्रं काय करतो, मुझे मालूम नहीं क्या? हर इतवार को पँट पे बाल लेके आता, कपडे कौन धोता तेरे, भूत?" तिने कपड्याची साबणवडी त्याच्या हातावर घासायला सुरुवात केली. पाणी वाहतंय, फेस जातोय, ती घासतेय. डॉक्टर सांगतात तेवढी पंधरा मिनिटं. मग ललितकडे न बघताच म्हणाली, "तू भी इधर आ. बाही वर कर."

दोघं जण एका नळाखाली उभे.

तालुक्याच्या दवाखान्यात दोघांना पहिली सुई मिळाली. डॉक्टर म्हणाले, रक्त आलं होतं म्हणजे जखमेतही औषध सोडावं लागेल, त्यासाठी धुळ्याला जा. चिठ्ठी दिली. धुळ्याची वाट तासाभराची. रेहान मागे बसला होता, पण नेहमीसारखा खांद्याला हात नव्हता. मागची दांडी धरून बसला होता. ललितला अख्ख्या रस्त्यात तेवढंच कळत होतं.

धुळ्याला सिस्टर मध्यमवयीन, चष्मा नाकावर.

"कुठली जखम?"

रेहानने हात पुढे केला. सिस्टरने चष्मा वर केला.

"हे काय? कुत्र्यांच्या टोळीने धरलं का?"

"नाही सिस्टर, पत्र्याचं काम आहे. यातली एक कुत्र्याची."

"कुठली एक?"

रेहानने ललितकडे बघितलं. ललितने रेहानकडे. अंगठ्याच्या बुडाशी तीन खपल्या, शेजारी शेजारी, सख्ख्या बहिणींसारख्या. सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी हात अगदी डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "ओळखता येत नसेल तर मग तिन्हींमध्ये. ही पैज लावायची गोष्ट नाही."

जखमेच्या आजूबाजूला ती सुई देतात तेव्हा काय होतं ते ज्याला दिलीय त्यालाच माहीत. तिसऱ्या वेळी रेहानने डाव्या हाताने ललितची कॉलर पकडली आणि सुई निघेपर्यंत सोडली नाही. शर्टाचं बटण तुटून पडलं. मग ललितची पाळी आली. त्याच्या हातावर तर मोजायला कोणी बसलंच नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर रेहान पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"हो का म्हणालास?"

"शूटिंग चालू होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

रेहानने मान हलवली. "मला वाटलं काहीतरी मोठं कारण असेल."

त्यानंतरचे दिवस ललितने कसे काढले ते विचारू नका. गुरुवारी त्याने बेबाबाईला गाडीवर घालून सुईसाठी भडगावला नेलं, काळ्याची लाळ तिच्या हाताला लागली होती. ती वाटभर म्हणत होती, "मी ते भलाईच करी ना रे?" आणि तो म्हणत होता, "हो अक्का, हो." काळ्याची दोन भावंडं ज्यांनी नेली त्या घरांचा पत्ता मॅडमनी काढला. मक्यालाही मॅडमनी सुया सुरू केल्या, जाड हातमोजे घालून.

आणि मोटारीची खोली. सकाळी उठला की आधी तिथे. दरवाजा उघडण्याआधी तो बाहेर उभा राहून आवाज ऐकायचा. शेपटी पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला की श्वास सोडायचा. शनिवारी आवाज आला नाही. ललितने कान दाराला लावला. आबा मागून आले, त्यांनी दार ढकललं. मक्या पोत्यावर पाय वर करून झोपला होता, पोट वाटाण्यासारखं टुम्म. आबांनी सकाळी सहालाच दूधभाकरी सरकवली होती, गुपचूप. बुधवारी काठी घेऊन उभे होते तेच आबा.

दर संध्याकाळी तो रेहानला व्हिडिओ पाठवायचा. मक्या पाणी पितोय. मक्या खातोय. रेहान बघायचा, दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवसाच्या सुईला दोघं एकाच रांगेत होते. रेहान बोलला, पण नंबर कितवा, पाऊस थांबला का, असंच.

दहावा दिवस बुधवार. ललितने मक्याला पाणी दिलं, भाकरी दिली, बॉल दाखवला. सगळं ठीक. मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "मित्राचा त्या दिवसाचा धोका टळला. सुयांचा कोर्स मात्र पूर्ण करा, सोडायचा नाही. पण हे पिल्लू त्या काळ्यासोबत खेळलंय. रोग अंगात गप्प बसून राहू शकतो. अजून काही महिने असंच वेगळं. बाजार नाही, परेड नाही."

म्हणजे ज्या महिन्यांत मक्याने जग बघायचं, ते सगळे जाळीमागे जाणार होते. हे ऐकून ललितला आनंद करावा की रडावं कळेना.

तेवढ्यात रेहानची गाडी आली. तो जाळीपासून दहा हात लांब थांबला. मक्याने त्याला ओळखलं, अंग सगळं वळवळायला लागलं.

"हा ठीक आहे तर," रेहान म्हणाला.

"हो. पण अजून काही महिने..." ललितने सगळं सांगितलं, मॅडम म्हणाल्या तसं, एक शब्द न गाळता.

रेहान तिथेच, दहा हातांवर, उकिडवा बसला आणि हेल्मेट काढून पुन्हा घातलं. मक्या बघत होता. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.

"लांबून बघितलं तर चालतं ना?"

"चालतं," ललित म्हणाला. "रेहान, चाळीसगावहून फोन आला होता. दोन पिल्लं पाठवायची म्हणतात. मी नाही म्हणणार आहे. बंद करतो हे सगळं."

"बंद कशाला? येडा झालास का? तू नाही म्हणालास तर ते पिल्लं बांधून ठेवतील, तिखट करतील, आणि मग कोणाला तरी खरंच चावतील." रेहानने मातीत काडीने रेघ ओढली. "पण एक सांग. उद्या कोणी विचारलं, टोचलंय का, तर?"

"कुठलं टोचलंय आणि कुठलं राहिलंय, दोन्ही सांगेन. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणेन."

"शंभर माणसं असली तर?"

"तरी."

"आणि दात लागला तर? कोणाला पण. खेळता खेळता, एवढासा?"

"आधी हात नळाखाली. मग त्याच दिवशी दवाखाना, मी स्वतः घेऊन जाणार. चार दिवसांनी नाही, भो. त्याच दिवशी. तुला शब्द देतो."